दप्तर एक, दारं अनेक

जमिनीचं खरेदीखत नोंदवायला तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात गेलेल्या माणसाचं लक्ष टेबलापलीकडच्या पडद्यावर सहसा नसतं. घेणारा पैशांच्या विवंचनेत असतो, देणारा हातची जमीन जातेय म्हणून गप्प असतो, साक्षीदारांना परतीची एसटी गाठायची असते. कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, कागदावर सह्या, आणि शेवटी हातात पडणारा दस्ताचा गोषवारा, म्हणजे सूची क्रमांक दोन. तेवढ्या वेळात निबंधकासमोरची ‘आय-सरिता’ ही प्रणाली मात्र बाहेरच्या दोन यंत्रणांशी बोलून घेते. मुद्रांक शुल्क भरल्याचं चलन खरं आहे का, हे ती वित्त विभागाच्या ‘ग्रास’ प्रणालीला विचारते. दस्त नोंदला गेला की जमिनीचा धनी बदलतोय, अशी वर्दी महसूल विभागाच्या ‘ई-फेरफार’ प्रणालीला देते. तिन्ही यंत्रणा वेगळ्या, त्यांचे मालक वेगळे, त्यांचे नियमही वेगळे. तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलायचं तर तिघींना एकमेकींच्या शब्दावर विसंबावं लागतं.

कंपन्यांच्या जगात याच कामाचा मोठा व्यवसाय झाला आहे. करारनामे, नकाशे, तपासणीचे अहवाल, बिलं, पत्रव्यवहार असा संस्थेचा सगळा कागद एका ठिकाणी, आवृत्तीनिशी आणि परवानगीनिशी सांभाळणाऱ्या संगणकी दप्तराला एंटरप्राइज कंटेंट मॅनेजमेंट म्हणतात. बोलताना नुसतं ईसीएम. हे दप्तर एकटं कधीच राहत नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर, कर्मचाऱ्यांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीची सेवा, ग्राहकाच्या हातातलं ॲप असं बाहेरचं बरंच काही त्याला जोडावं लागतं. निविदेत या कामासाठी बहुधा एकच ओळ असते: ‘थर्ड पार्टी इंटिग्रेशन’. आणि पुढची कित्येक वर्षं त्या ओळीची किंमत चुकती करण्यात जातात.

माझं म्हणणं साधं आहे. दोन यंत्रणांमध्ये माहिती नेणं-आणणं आता सोपं झालं आहे. अवघड आहे ते आधी ठरवायचं काम: मूळ कागद कुणाकडे राहील, बाहेरून आलेल्याला त्यावर काय करता येईल, आणि जे केलं ते कुणाच्या नावावर लिहिलं जाईल. हे ठरवण्याचं काम संस्थेचं आहे. ते तिने केलं नाही, तर कोड लिहिणारा पोरगा रात्री उशिरा त्याच्या सोयीने ते ठरवून टाकतो, आणि मग लाखो लोकांना त्या सोयीप्रमाणे वागावं लागतं.

चलन वाचणं पुरेसं नाही

ग्रासचं उदाहरण आधी घेऊ, कारण ते छोटं आहे आणि त्यात सगळं आहे. एखाद्याने मुद्रांक शुल्काचे पैसे ऑनलाइन भरले आणि चलन छापून आणलं. निबंधकाच्या प्रणालीने ग्रासला विचारलं, हे चलन खरं का? उत्तर आलं, खरं. एवढ्यावर दस्त नोंदला, तर तोच माणूस उद्या दुसऱ्या कार्यालयात तेच चलन घेऊन जाऊ शकतो. तिथेही उत्तर ‘खरं’ असंच येईल, कारण पैसे खरोखरच भरलेले आहेत.

म्हणून इथे नुसतं वाचून भागत नाही. दस्त नोंदताना ते चलन ग्रासमध्ये ‘डिफेस’ करावं लागतं, म्हणजे वापरलं गेल्याची खूण मूळ जागी करावी लागते. नोंदणी झालेल्या दस्तासोबतचं चलन काढून पाहा. खालच्या भागात एक छोटा तक्ता दिसेल. त्यात डिफेसमेंटचा क्रमांक, तारीख आणि रक्कम असते. कागदी मुद्रांकावर निबंधक जो रद्दचा शिक्का मारायचा, त्याचंच हे संगणकी रूप. व्यवहार फिसकटला आणि शुल्क परत मागायचं झालं, तर चलन डिफेस झालेलं नाही ना, हे आधी पाहिलं जातं. तेलगीच्या बनावट मुद्रांकांनी ज्या राज्याला हादरवलं, त्या राज्यात या एका खुणेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आता यातली मेख बघा. आय-सरिताने डिफेसची विनंती पाठवली, ग्रासने खूण केली, आणि ‘झालं’ हा निरोप परत येण्याआधी लाइन गेली, असं समजा. एका बाजूला चलन वापरलं गेलं आहे, दुसऱ्या बाजूला दस्त नोंदलेला नाही. समोर बसलेल्या माणसाचे पैसे अधांतरी. ऑपरेटरने पुन्हा बटण दाबलं तर काय व्हावं? नीट बांधलेल्या जोडणीत प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर समोरची यंत्रणा काम पुन्हा करत नाही, पहिल्याच कामाचं उत्तर परत देते. शिवाय दिवसअखेर दोन्हीकडच्या नोंदींचा ताळमेळ घातला जातो, आणि न जुळलेल्या नोंदींची यादी नेमून दिलेल्या माणसाच्या टेबलावर जाते. निविदेत ‘सर्व्हर डाऊन’ असताना काय करायचं, हे लिहिलेलं नसेल, तर त्याचं उत्तर नागरिकाला खिडकीवर मिळतं: उद्या या.

बोइंगपासून गोव्यापर्यंत

वेगवेगळी सॉफ्टवेअर एका दप्तराला जोडण्याचा हा प्रश्न कंपन्यांपुढे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच उभा राहिला. १९९० मध्ये हॉवर्ड शाओ आणि जॉन न्यूटन यांनी कॅलिफोर्नियात डॉक्युमेंटम ही कंपनी काढली. तिच्या सुरुवातीच्या ग्राहकांत बोइंग होती. ७७७ विमानाच्या प्रशिक्षण पुस्तिकांची हजारो पानं सांभाळायची होती. दुसरी सिन्टेक्स ही औषध कंपनी. तिला नव्या औषधाच्या मंजुरीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायचे कागद जुळवायचे होते. दोन्हीकडे अडचण एकच. कागद एका ठिकाणी जमा करणं जमत होतं, पण तो कागद बनत होता निरनिराळ्या सॉफ्टवेअरमध्ये, निरनिराळ्या माणसांच्या हातून.

पुढे अशी दप्तरं विकणाऱ्या कंपन्या वाढल्या. फाइलनेट होती, ओपनटेक्स्ट होती, मायक्रोसॉफ्टचं शेअरपॉइंट आलं, २००५ मध्ये न्यूटन यांनीच जॉन पॉवेल यांच्यासोबत अल्फ्रेस्को सुरू केलं. प्रत्येकाची बोलण्याची रीत वेगळी. एखाद्या बँकेत पाच प्रकारची दप्तरं आणि त्यांना जोडायची वीस ॲप्लिकेशन्स असतील, तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा दुवा लिहायचा, म्हणजे शंभर दुवे. सगळ्यांनी एकच रीत पाळली, तर पंचवीस पुरतात. या हिशेबापोटी २००८ च्या सप्टेंबरात ईएमसी, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या एरवीच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून एक सामाईक रीत जाहीर केली. तिचं नाव सीएमआयएस. ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १ मे २०१० रोजी तिला मान्यता दिली.

सीएमआयएसने मोजक्याच गोष्टी बांधून घेतल्या. दप्तरात दस्तऐवज असतो, फोल्डर असतो, दोन गोष्टींमधलं नातं असतं आणि वस्तूला लागू होणारं धोरण असतं. बाहेरच्या ॲप्लिकेशनने दस्तऐवज दुरुस्तीला घेतला, की दप्तर त्याची खासगी कामचलाऊ प्रत काढून देतं. तोवर बाकीच्यांना आधीचीच आवृत्ती दिसत राहते. काम संपवून प्रत परत केली, की नवी आवृत्ती तयार होते. कुणी, केव्हा, कशासाठी बदल केला ते तिच्यासोबत नोंदलं जातं. वाचायला हे किरकोळ वाटतं. पण जे ॲप हा मार्ग सोडून फाइल उतरवून घेतं आणि दुरुस्त करून नव्या नावाने परत टाकतं, ते जुन्या आवृत्तीशी असलेलं नातंच तोडून टाकतं. महिनाभराने दप्तरात ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम नवीन’ अशा फाइली दिसायला लागल्या, की जोडणी कुठे चुकली ते समजावं.

औषध कारखान्यांत ही चूक परवडत नाही. गोव्यातले आणि छत्रपती संभाजीनगरच्या पट्ट्यातले कारखाने अमेरिकेला औषधं पाठवतात, तेव्हा त्यांच्या संगणकी नोंदींना तिथला ‘पार्ट ११’ हा नियम लागू होतो. तो १९९७ पासून अमलात आहे. प्रत्येक बदलाची वेळेसह आपोआप नोंद झाली पाहिजे आणि नव्या नोंदीने आधीची नोंद झाकता कामा नये, हा त्यातला गाभा. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर गोळीची चाचणी होते, निकाल प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो, तिथून अहवाल मुख्य दप्तरात जातो आणि तो बघून गुणवत्ता विभाग माल सोडतो. मधल्या एका दुव्याने ‘कुणी चाचणी केली’ ही माहिती गाळली आणि फक्त पीडीएफ पुढे पाठवली, तरी अहवालातले आकडे बरोबरच राहतात. तपासनीस मात्र नोंद मागत मागे जातो आणि त्या दुव्यापाशी अडतो. त्याच्या लेखी तिथे पुरावा संपलेला असतो.

सीएमआयएसच्या मर्यादाही शिकवणाऱ्या आहेत. सगळ्या कंपन्यांना मान्य होईल तेवढंच त्यात आलं. कागद कुणाकडून कुणाकडे मंजुरीला जाणार, ही वाट त्यात नव्हती. कागद किती वर्षं राखायचा आणि खटला चालू असताना तो नष्ट होऊ नये म्हणून कसा अडवून ठेवायचा, हे पुढच्या १.१ या आवृत्तीत आलं. म्हणजे सामाईक रीत मिळाली तरी अधिकाराचे आणि जबाबदारीचे प्रश्न प्रत्येक संस्थेला आपले आपणच सोडवावे लागतात.

वर्दी आणि निर्णय

हे प्रश्न कसे सोडवावेत, याचं मला पटलेलं एक उत्तर आपल्याच महसुली कायद्यात आहे, आणि ते संगणकाच्या आधीचं आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम १५४ प्रमाणे जमिनीच्या हस्तांतरणाचा दस्त नोंदला गेला, की नोंदणी अधिकाऱ्याने त्याची माहिती महसूल यंत्रणेला कळवायची. पूर्वी हे कळवणं कागदावर चालायचं. दुय्यम निबंधकाकडून तहसील, तहसीलमधून तलाठी, असा तो कागद आपल्या गतीने जायचा. घाई असलेला खरेदीदार सूची क्रमांक दोन घेऊन स्वतःच तलाठ्याकडे जायचा. मधल्या काळात सातबाऱ्यावर जुनंच नाव. तेवढ्या फटीत तीच जमीन दुसऱ्याला विकण्याचे उद्योग व्हायचे.

आता ती माहिती आय-सरितातून ई-फेरफारमध्ये थेट जाते. पण जाऊन काय होतं? सातबाऱ्यावरचं नाव लगेच बदलत नाही, आणि ते बदलू नये हेच योग्य आहे. कलम १५० प्रमाणे तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहामध्ये नोंद धरतात. हितसंबंधितांना नोटीस निघते, चावडीत नोंद लावली जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. नाही आली तर मंडळ अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतात, आणि मगच सातबारा बदलतो.

इथली विभागणी पाहण्यासारखी आहे. नोंदणी खात्याच्या प्रणालीला सांगण्याचा अधिकार आहे, ठरवण्याचा नाही. बहिणीचा हिस्सा डावलून भावाने विक्री केली असेल, तर निबंधकासमोर ते उघड होईलच असं नाही, पण नोटीस बहिणीच्या घरी जाते. कागदाचा वेळ वाचवायचा आणि माणसाला बोलायला दिलेला वेळ तसाच ठेवायचा, हे भान या जोडणीत टिकलं आहे. जोडणीचं काम करणारा कुणीही उत्साही तंत्रज्ञ पहिल्यांदा विचारतो, हे पंधरा दिवस कशाला? सगळं ऑनलाइन आहे, तर नाव लगेच बदलू दे. त्या पंधरा दिवसांत कुणाचा हक्क उभा आहे, हे दप्तर ज्याचं त्यानेच त्याला ठामपणे सांगावं लागतं.

बँकांची गोष्टही याच धर्तीची. शेतकऱ्याने पीककर्ज घेतलं की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. कर्ज फिटलं की तो उतरायला हवा. चढवण्याची घाई असते, उतरवण्याची तेवढी नसते, हा गावोगावचा अनुभव. ‘ई-हक्क’ प्रणालीतून असे अर्ज ऑनलाइन करता येऊ लागले, तेव्हा बँकेलाही अर्जदाराचीच जागा मिळाली. बँक नोंद सुचवते. नोंद धरणं आणि प्रमाणित करणं महसुली अधिकाऱ्याकडेच राहतं. कागदपत्रांच्या कुठल्याही दप्तरात बाहेरच्याला एवढीच जागा असावी, असं मला वाटतं.

बांधावर उभं असलेलं ॲप

सातबाऱ्यातला ‘सात’ म्हणजे अधिकार अभिलेख पत्रक, ‘बारा’ म्हणजे पिकांची नोंदवही. बारावर पीक लिहिण्यासाठी तलाठ्याने शिवारात फिरून पाहणी करायची, ही जुनी रीत. एका तलाठ्याकडे अनेक गावं, त्यामुळे पाहणी पुष्कळदा सज्जात बसूनच व्हायची. कागदावर ऊस, रानात सोयाबीन. पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाने खरेदी या सगळ्याला हीच नोंद लागते, म्हणून चूक थेट पोटावर यायची.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेल्या या मोबाइल ॲपमधून शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद करतो. गट निवडायचा, पीक आणि क्षेत्र भरायचं, रानात उभं राहून फोटो काढायचा. फोटोसोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश जातात. शिवारात रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये राहते आणि रेंज आल्यावर वर जाते. बाहेर बनलेलं ॲप, सामान्य माणसाचा फोन, आणि त्यातून आलेली माहिती थेट शासनाच्या अभिलेखात. त्रयस्थ ॲप्लिकेशन मुख्य दप्तराला जोडण्याचं याहून धाडसी उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

हे धाडस पेललं जावं म्हणून तीन गोष्टी केल्या गेल्या. शेतकऱ्याला स्वतःची चूक ठरावीक तासांत स्वतःच दुरुस्त करता येते. फोटो गटापासून लांब काढला तर ॲप तसं दाखवतं. आणि सगळ्या नोंदी तपासण्याऐवजी काही टक्के नोंदींची पडताळणी तलाठी करतात. म्हणजे विश्वास आधी, तपासणी निवडक, दुरुस्तीची वाट खुली. शेकडो शाखांतून कागद गोळा करणाऱ्या विमा कंपनीला किंवा बांधकामाच्या जागेवरून मोजमापं मागवणाऱ्या कंत्राटदारालाही हीच तीन कलमं उपयोगी पडतील.

अडचणी राहिल्याच. ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याला पडद्यावरचं वाचता येत नाही, जी बाई कसते पण जमीन नवऱ्याच्या नावावर आहे, त्यांना शेजाऱ्याच्या पोरावर किंवा केंद्रचालकावर अवलंबून राहावं लागतं. ॲपच्या दृष्टीने नोंद शेतकऱ्याची असते; प्रत्यक्षात बोट दुसऱ्याचं असतं. यातून पुढचा प्रश्न येतो, आणि सगळ्या जोडण्यांमधला तो सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे.

नोंद कुणाच्या नावावर?

दप्तराला बाहेरचं ॲप्लिकेशन जोडताना वेळ वाचवण्याचा एक रूढ मार्ग आहे. त्या ॲप्लिकेशनसाठी दप्तरात एकच खातं उघडायचं, त्याला सगळे अधिकार द्यायचे, आणि पासवर्ड सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवायचा. त्या ॲप्लिकेशनमध्ये बसलेले दोनशे कर्मचारी मग त्याच एका खात्याने दप्तरात शिरतात. चाचणीत सगळं सुरळीत चालतं. वर्षभराने एखादा गोपनीय करार बाहेर फुटतो आणि कुणी उघडला हे पाहायला नोंदवही काढली जाते, तेव्हा तिथे दोनशे वेळा एकच नाव दिसतं, ते त्या ॲप्लिकेशनचं. कुणालाही पकडता येत नाही, आणि निर्दोष माणसाला निर्दोष असल्याचं दाखवताही येत नाही.

याला तांत्रिक उत्तर आहे, आणि ते नवीन नाही. २०१२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झालेल्या ओऑथ २.० या रीतीत माणूस आपला पासवर्ड बाहेरच्या ॲपला देतच नाही. दप्तर त्याला विचारतं, या ॲपला तुझ्या वतीने अमुक एवढंच करू देऊ का? त्याने हो म्हटलं की ॲपला थोड्या मुदतीचा परवाना मिळतो. वाचायचा म्हणजे वाचायचाच, लिहायचा नाही. नोंदवहीत माणूस आणि ॲप दोघांचीही नावं राहतात, आणि परवाना केव्हाही काढून घेता येतो. यात दिवस जास्त जातात, म्हणून घाईच्या प्रकल्पात सगळ्यात आधी यालाच कात्री लागते.

किती माहिती मागायची, हाही याच प्रश्नाचा भाग. आधारच्या व्यवस्थेत यासाठी दोन वेगळ्या सेवा आहेत. पडताळणीत फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. ई-केवायसीमध्ये संमतीने नाव, पत्ता, फोटो असा तपशील येतो. ‘हो-नाही’वर काम भागत असताना तपशील मागून घेऊन स्वतःकडे साठवणारी संस्था विनाकारण दुसऱ्याच्या माहितीची राखणदार होते, आणि ती फुटली तर गुन्हेगारही.

नावाची आणखी एक गुंतागुंत मराठी माणसाच्या वाट्याला जास्त येते. युनिकोड रुळण्याआधी देवनागरीसाठी जे फॉन्ट वापरले गेले, त्यांत प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी होती. एका यंत्रणेत ‘ज्ञानेश्वर’ दिसणारं नाव दुसरीकडे नेलं की चिन्हांचा पसारा व्हायचा. ते निस्तरलं तरी बँकेत नाव इंग्रजीतून, सातबाऱ्यावर मराठीतून, आधारवर वडिलांच्या नावासह आणि सातबाऱ्यावर आडनाव आधी. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तिघं. म्हणून सातबारे ऑनलाइन करण्याआधी ते दुरुस्त करण्याची मोहीम घ्यावी लागली आणि गावोगावी चावडी वाचन झालं. संगणकातली नोंद गावासमोर मोठ्याने वाचायची आणि चूक असेल तिथे गावाने बोलायचं. माहिती शुद्ध करण्याच्या कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरने याहून बरी तपासणी केली असती, असं मला वाटत नाही. ज्याची नोंद आहे, त्याच्याच कानावर ती घातली गेली.

जिथे दप्तरं एकमेकांशी बोलतच नाहीत, तिथे काय होतं याचा दाखला २०२५ मधल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने दिला. मृत्यूची नोंद एका यंत्रणेत होते, जमिनीची दुसऱ्या. खातेदार जाऊन वर्षं लोटली तरी सातबाऱ्यावर तोच जमीनमालक, आणि वारसांना ना कर्ज मिळत ना अनुदान. शेवटी गावनिहाय याद्या करून वारसांच्या नोंदी घ्याव्या लागल्या.

प्रत वाटायची की पत्ता द्यायचा?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर पेटलेली आग वरच्या मजल्यांवर गेली, माणसं गेली, फायलींची राख झाली. एकाच ठिकाणी एकच कागदी प्रत असण्याचा धोका राज्याने त्या दिवशी पाहिला. त्यानंतर फायली संगणकावर नेण्याचा आग्रह वाढला, तो योग्यच होता. पण संगणकावर गेल्यावर उलट्या टोकाचा धोका असतो. प्रत काढायला काहीच खर्च येत नाही, म्हणून प्रत्येक जोडलेली यंत्रणा कागदाची स्वतःची प्रत ठेवते. मूळ जागी दुरुस्ती झाली, तरी पाच ठिकाणी जुनी प्रत जिवंत राहते, आणि कर्ज नाकारणारा अधिकारी नेमकी तीच उघडून बसलेला असतो.

डिजिलॉकरच्या रचनेत यावरचं उत्तर आहे. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या या सेवेत, दस्तऐवज देणारं खातं आपली मूळ नोंद आपल्याकडेच ठेवतं. नागरिकाच्या लॉकरमध्ये येतो तो त्या नोंदीचा पत्ता: कुठल्या खात्याने दिलेला, कुठल्या प्रकारचा, कुठल्या क्रमांकाचा दस्तऐवज. कुणी तो उघडला की मूळ जागेवरून ताजी प्रत आणली जाते. २०१७ च्या फेब्रुवारीत नियमांत दुरुस्ती होऊन असे दस्तऐवज मूळ कागदाच्या तोडीचे धरले जाऊ लागले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला, त्यावरही पडताळणी क्रमांक असतो, तो याच कारणासाठी. हातातल्या छापील कागदावर विसंबून न राहता तो क्रमांक टाकून मूळ नोंद पाहता येते. पंधरा रुपयांच्या त्या उताऱ्याचं खरं मोल मला या क्रमांकात वाटतं.

मूळ एकच ठेवायचं म्हटलं, की ते सांभाळणाऱ्याची जबाबदारी वाढते. ज्या दिवशी ते दप्तर बंद पडेल, त्या दिवशी त्याला जोडलेलं सगळंच बंद पडतं. म्हणून राखीव यंत्रणा, तिची नियमित चाचणी आणि बंद काळातली कामाची पद्धत यांवरचा खर्च हा जोडणीच्याच खर्चात धरला पाहिजे.

करारात काय लिहावं

दप्तरं माणसांपेक्षा आणि कंपन्यांपेक्षा जास्त जगतात. डॉक्युमेंटम २००३ मध्ये ईएमसीने घेतलं, २०१६ मध्ये ईएमसीच डेलकडे गेली, २०१७ मध्ये डॉक्युमेंटम ओपनटेक्स्टकडे आलं. चौदा वर्षांत तीन धनी. त्यात ठेवलेले कागद त्याच संस्थांचे होते आणि त्यांना ते तेवढेच लागत होते. आपल्या भूमी अभिलेख कार्यालयांतून स्कॅन झालेले जुने फेरफार तर कित्येक पिढ्यांचे आहेत. त्यांना जोडलेलं आजचं कुठलंही ॲप दहा वर्षांनी असेल, असं धरून चालता येत नाही.

शेतीच्या क्षेत्रात आता ॲग्रिस्टॅक येतं आहे. शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे भू-संदर्भित नकाशे आणि पेरणीची नोंदवही अशा तीन पायांवर ते उभं आहे, आणि महाराष्ट्रात शेतकरी ओळख क्रमांक देण्याचं काम सुरूही झालं. या पायावर बँका, विमा कंपन्या, खत-बियाण्यांचे विक्रेते आणि खासगी ॲप्स जोडली जातील. सातबाऱ्याला आजवर मोजकी दारं होती. आता ती पुष्कळ होणार. प्रत्येक दार उघडण्याआधी चार गोष्टी लेखी ठरायला हव्यात, आणि त्या जाहीर असायला हव्यात.

पहिली, मूळ नोंद कुणाची आणि ती बदलण्याचा अंतिम अधिकार कुठल्या पदाचा. दुसरी, बाहेरच्या यंत्रणेला काय वाचता येईल, काय सुचवता येईल, आणि कशाला हातही लावता येणार नाही. तिसरी, प्रत्येक कृती कुठल्या माणसाच्या नावावर नोंदली जाईल, आणि ज्याची नोंद आहे त्या नागरिकाला ती यादी पाहता येईल का. चौथी, जोडणी तुटली किंवा करार संपला, तर त्या यंत्रणेकडे गेलेल्या प्रतींचं काय होईल आणि आपले कागद आपल्याला कुठल्या खुल्या स्वरूपात परत मिळतील.

यांतली तिसरी गोष्ट मला सर्वांत निकडीची वाटते. माझ्या सातबाऱ्यावर नोटीस न देता नाव बदलता येत नाही, हा हक्क कायद्याने मला दिला आहे. माझा सातबारा कुठल्या ॲपने, कुठल्या बँकेने, किती वेळा उघडला, हे पाहण्याचा हक्कही तितकाच ठाम असायला हवा. त्यासाठी नवं तंत्रज्ञान शोधावं लागणार नाही. नोंदवही यंत्रणेला ठेवावीच लागते. ती नागरिकाला दाखवायची एवढंच बाकी आहे. चावडीत फेरफाराची नोटीस लावणाऱ्या राज्याला ही गोष्ट अवघड नाही. पुढची निविदा निघण्याआधी ती आपण मागितली पाहिजे, आणि ग्रामसभेत, बँकेच्या शाखेत, आमदाराच्या कार्यालयात विचारली पाहिजे. कारण जोडणी एकदा झाली आणि लोक तिच्यावर विसंबले, की तिचे नियम बदलणं नवीन जोडणी बांधण्यापेक्षा अवघड होऊन बसतं.